खिडकीवरची धूळ

सड्यावर, ऑफिसच्या मागच्या खोलीत
डिसेंबरातही पंखा लावून मी बसते
आणि अंटार्क्टिकावरचा वारा मोजते.

खालचा नव्हे.
खालचा तिथले लोकच मोजतात, दाढीत बर्फ घेऊन.
माझा नव्वद किलोमीटर उंचीवरचा,
जिथे फुगा पोचत नाही, उपग्रह टिकत नाही,
आणि भर उन्हाळ्यातच सगळ्यात कडक थंडी पडते.
(का, ते मी तेरेझिनाबायला दोनदा समजावलं.
"बरें," म्हणाली, आणि ताटात आणखी एक बांगडा वाढला.)

तिथे आत्ता सूर्य मावळत नाही.
उल्का डोळ्यांना दिसायच्या नाहीत; रडारला दिसतात.
वाळूच्या कणाएवढी एखादी जळते,
मागे तिची रेघ उरते,
अर्धा सेकंद, कधी तेवढीही नाही.
ती रेघ वारा ढकलतो.
तेवढ्यात रडारची हाक तिला शिवून परत येते:
किती सरकली, कुठे सरकली.
एवढ्यावर आमचा सगळा संसार.

बायण्यात मी राहते ती खोली तेरेझिनाबायची.
सकाळी ती खिडकीच्या काठावरून बोट फिरवते,
बोट उजेडात धरते.
कोळशाचं काळं आलं की "आयज वारो बंदराचो,"
आणि धुतलेल्या चादरी मागच्या अंगणात जातात.
तांबूस आलं, तर खनिजाच्या बार्जी लागल्यात.
तीस वर्षांत चुकले नाही, म्हणते.

परवा रात्री रकाने रिकामे यायला लागले.
शून्य नव्हे, रिकामे.
मग उपेंद्र वेर्लेकरचा निरोप: वादळ आहे,
एक अँटेना आडवी झाली, बाहेर पडता येत नाही,
आणि ताई, इथे कोणी सोलकढी पाठवेल का.
साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंचे आकडे आहेत ना,
मधलं भरून टाक, आलेख तुटायला नको.
येतं मला. तीन ओळींचं काम.

घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं.
बंदरात संपाचा सातवा दिवस,
क्रेन माना वर करून उभ्या.
तेरेझिनाबाय खिडकीशी,
पायाशी ओल्या चादरींची बादली,
बोट उजेडात.
स्वच्छ.
तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं,
पदराला उगाच पुसलं, पुन्हा फिरवलं.
"आयज कळना गो," म्हणाली.

रकाने मी रिकामेच ठेवलेत.