ग्राहकाने केलेले बदल

एसी बंद पडला तो आखाजीच्या आदल्या दिवशी.
धुळ्यात चव्वेचाळीस.
अवधानच्या शोरूममध्ये मात्र इतका गारठा
की कॅलिपरचं लोखंड मांडीला थंड लागलं.

प्रफुल्ल नेरकर, सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर,
गाडीत वाकला आणि तसाच थांबला.
स्टिअरिंगखाली त्याला दांडा दिसला.
ढकलला की ब्रेक, ओढला की रेस,
टोकाला जुन्या मोपेडची रबरी मूठ.
"मॅडम, हे आपलं नाही."
म्हटलं, माझं आहे.
"तसं नाही. कंपनीचं नाही."

मग तो स्क्रीनशी बोलत राहिला.
गाडी मॉडिफाय केलेली. वॉरंटी बाद.
कॉम्प्रेसर एकतीस हजार चारशे,
गॅस वेगळा, मजुरी वेगळी, वर जीएसटी.

कॉम्प्रेसर बॉनेटखाली, दांडा माझ्या हाताखाली.
दोघांची ओळख नाही, सोयरीक तर नाहीच.
चुलत्याने दारू प्यावी
आणि शेजारच्या पोरीचं लग्न मोडावं, तसं हे.

मी आरसी पुढे केली. वाचा, सरकारला चाललंय.
त्याने वर्गाच्या रकान्यावर बोट ठेवलं :
इनव्हॅलिड कॅरेज.
"बघा ना, इथेच इनव्हॅलिड लिहिलंय."

हसू आलं, पण उन्हातून आलेल्या बाईने
फार हसू नये, लोक पाणी आणून देतात.
आणलंच.

गाडी घेतली तेव्हा ह्याच काचेच्या दारात
नारळ फुटला होता.
पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात देऊन फोटो काढला,
कुबडी फोटोत येऊ नये म्हणून
कुणीतरी ती कुंडीमागे ठेवली.
सेल्समनने कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं :
सुपडू मिस्तरी, दोंडाईचा. खात्रीचं काम.
कार्ड अजून पर्समध्ये आहे.
सेल्समन नाशकात दुसरी कंपनी विकतो.

सुपडू मिस्तरींनी पायाकडे पाहिलंच नाही,
हाताचं माप घेतलं, खांद्यापासून मुठीपर्यंत,
शिंपी घेतो तसं.
लेथवर चार दिवस. चहा त्यांचाच.
वॉरंटीचं विचारलं तर म्हणाले,
मी आहे ना. मी गेलो तर पोऱ्या आहे.

रॅम्पखालून ग्रीस पुसत एक पोरगा आला,
खिडकीशी वाकला :
"ताई, याना त्याना काय संबंध शे?
बेरिंगच कच्ची व्हती.
पन मनं नाव लेवू नका."
नाव त्याच्या शर्टावर शिवलेलं होतं.
इथे ते लिहीत नाही.

शेवटी मॅनेजर. केबिन अजून गार.
"माणुसकीच्या नात्याने पन्नास टक्के करून देतो,
तुमच्याकडे बघून."
माझ्याकडे नका बघू, साहेब, म्हटलं,
कॉम्प्रेसरकडे बघा.
मी मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहिते.
सूट आणि येणं
एका रकान्यात मांडत नाही.

ते म्हणाले, मग क्लेम वर पाठवतो, पुण्याला.
वेळ लागेल.
फॉर्ममध्ये शेवटून दुसरी ओळ होती :
ग्राहकाने केलेले बदल.
नेरकर पेन घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसला.
पेन मीच घेतलं.
लिहिलं : गाडीत एक.
पायातला बदल अडीच वर्षांची असताना झाला,
तो ग्राहकाने केलेला नाही.

त्याने वाचलं. खोडायला सांगितलं नाही.
शिक्का मारताना मात्र
एकदा दांड्याकडे पाहून विचारलं,
"माझ्या आजोबांना जमेल का हो हे?"
मी कार्डावरचा नंबर त्याला उतरवून दिला.

परत निघाले. चारी काचा खाली.
सोनगीर गेलं, चिमठाणे गेलं.
दोंडाईच्याच्या अलीकडे पथारीवर
हंगामाची उरलीसुरली मिरची,
वारा तिच्यावरून थेट गाडीत.
एक शिंक, दुसरी, तिसरी.

शिंकताना डोळे मिटतात.
तेवढा वेळ गाडी
सुपडू मिस्तरींच्या भरवशावर चालली.