स्क्रूड्रायव्हरचं दुसरं टोक

ह्यांना दिसलं पाणी, मला ऐकू आला आवाज.
आमची भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

जानेवारीतली सकाळ, मनीषानगरचं पार्किंग,
दोन हजार चारची मारुती आठशे
आणि हे सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे,
माझी आमटीची वाटी धरून.
टप्. टप्.
चमचाभर जमलं, कडेनं काळपट.
"हेड गॅस्केट गेलं," म्हणाले,
पेपरातलं कुणाचं निधन वाचून दाखवावं तसं.

मी म्हटलं, पाण्याचं राहू द्या, ती टिकटिक ऐका.
"कसली टिकटिक?"
"पुढून येतेय. तांदूळ निवडताना
ताटात खडा पडतो तशी, पण लयीत."
"तुझ्या कानात असेल."

माझ्या कानात!
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या
तक्रार-टेबलावर काढलेल्या बाईला हे ऐकवायचं?
खरखर म्हणजे जॉइंटमध्ये ओल,
गुणगुण म्हणजे शेजारून विजेची तार,
आणि नुसतीच शांतता असेल
तर उंदरानं केबल खाल्ली
किंवा साहेबांनी बिल भरलेलं नाही.

खारेगावात, पारसिकच्या डोंगराखाली, जोमा भोईरचं गॅरेज.
"वयनी, आवाज कसा?"
मी करून दाखवला.
जीभ टाळूला लावून, आधी सावकाश,
मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर होतो तसा घाईघाईनं.
दोन पोरांच्या हातातला चहा सांडला हसून.
जोमा हसला नाही. "टॅपेट," म्हणाला.

मग मागे गेला, धुरापुढे तळहात धरला,
ओला हात नाकाशी नेला.
"गोड वास नाय. गोड आला असता तर रडायचं होतं."
कूलंटची बाटली पाहिली, रेघेला रेघ.
डिपस्टिक फडक्यानं पुसली, दुधट काही नाही.
"गाडी जाते कुठं, काका?"
"भाजी. बँक. शनिवारी मारुती."
"म्हंजे तापायच्या आत बंद.
मंग पाणी आतच राहनार ना.
लांब न्या तिला. घोडबंदरला, गायमुखापर्यंत.
आठवड्यातून एकदा तरी गरम होऊ द्या."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बॅटरीकडे.

इंजिन चालूच होतं.
जोमानं हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक टॅपेटच्या झाकणावर, मूठ स्वतःच्या कानाला.
डोळे मिटले. सरकवलं. परत सरकवलं.
"तिसरा सिलिंडर."
आणि मूठ माझ्या हातात दिली.

काय सांगू, हेडफोन चढवल्यासारखं झालं.
आत सगळे एकमेकांवर बोलत होते,
आणि त्या कल्लोळात ती एकटी,
हट्टी, खडा-खडा-खडा.
"नंबर सांगा" म्हणायचं तोंडावर आलं होतं.

"काका, तुमी पन ऐका."
"कशाला उगाच."
दोन वर्षं कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते.
बेल वाजली की आधी माझ्या तोंडाकडे बघतात,
मग दाराकडे.
हे आम्ही कधी बोललेलो नाही.
जोमाला ते माहीत असायचं कारण नव्हतं,
पण त्यानं मूठ कानात नाही,
कानामागच्या हाडावर टेकवली.

आधी काहीच नाही.
मग भुवया वर गेल्या.
"टिकटिक," हे म्हणाले,
समोरच्या वेल्डिंगवाल्यानं चष्मा वर करून पाहावं
इतक्या मोठ्यानं.

"झालं, बंद करा आता," जोमा म्हणाला,
"थंड झाल्यावर पाती घालून सेट करतो."
हे मूठ सोडेनात.
बॉनेटखाली वाकलेले, एक हात टपावर,
"आणि हे घुर्रघुर्र कसलं?
आणि मागनं बारीक शीळ येते ती?"
मी सांगत होते एकेक,
पंखा, बेल्ट, पाण्याचा पंप,
जे मला ठाऊक होतं ते आणि नव्हतं तेही.

मागे ठिबकणं केव्हाच थांबलं होतं.
"काका, पेट्रोल जळतंय," जोमा म्हणाला.

"जळू दे."