कठडा

विषय : मोरेश्वर मॅन्शन, गावदेवी,
दर्शनी भागात बदल करण्याबाबत.
बदल म्हणजे एवढाच :
पाच पायऱ्या, एका बाजूला कठडा,
लांबी सात फूट, उंची तीन.
नकाशा मी काढला,
अर्ध्या दिवसाचं काम.

फाइल घेऊन मात्र चौदा महिने फिरलो.

इमारत श्रेणी तीन. म्हणजे
आत काय हवं ते करा,
रस्त्याला दिसतं ते चेहऱ्यासारखं जपा.
समितीने विचारलं, मूळ कठडा होता का?
असल्यास पुरावा. नसल्यास गरज.
पुराव्यासाठी नलूताई त्रिलोकेकरांनी
ट्रंकेतून फोटो काढला, बासष्ट सालचा :
नवी सून, आणि त्याच पायऱ्यांवर
सगळं वऱ्हाड इतकं दाटून उभं
की पायऱ्या दिसतच नाहीत.
गरजेसाठी दिला गुडघ्यांचा एक्स-रे.
तो मी जोडपत्र 'क' म्हणून लावला.
एक सभासद उजेडाकडे धरून
बराच वेळ बघत बसले त्याच्याकडे,
दगडाचा सांधा समजून बहुतेक.

दुसऱ्या खेपेला : स्टेनलेस स्टील नको, चकाकतं.
तिसऱ्या खेपेला : बीड चालेल, पण नक्षी नको,
नव्याने जुन्याचं सोंग घेऊ नये.
चौथ्या बैठकीला कोरम नव्हता.
त्या दिवशी मी नुसताच चहा पिऊन आलो.

मग पाहणीला एक तरुण बाई आल्या,
गळ्यात कॅमेरा, हातात टेप.
पायऱ्या मोजायच्या राहिल्या बाजूला,
त्या भिंतीशी वाकल्या.
मालाडच्या पिवळ्या दगडावर, कमरेच्या उंचीला,
एक उतरता पट्टा, गुळगुळीत, तेलकट, काळसर :
साठ वर्षं खाली येताना टेकलेला तळवा.
नलूताई ओशाळल्या.
"उद्या सोडा लावून घासून घेते हो."
"हात लावू नका त्याला," बाई पटकन म्हणाल्या,
"म्हणजे..."
आणि स्वतःच अडकल्या वाक्यात.

मंजुरी आली. अटी तीन.
कठडा भिंतीपासून नऊ इंच सुटा असावा.
पुढेमागे काढला, तर त्याची खूण उरू नये.
भिंतीवरील झिजेचा पट्टा आहे तसा राखावा.

भायखळ्याच्या फौंड्रीतून आला, बसला,
बाटलीहिरवा, साधा, जरा रुसल्यासारखा.

परवा उरलेलं बिल मागायला गेलो
तर नलूताई उतरतच होत्या,
कठड्यावरून हात पलीकडे घालून
भिंत धरून.
"लोखंड तापतं हो," म्हणाल्या,
"दगड कसा, ओळखीचा लागतो."
आणि कनवटीची पुरचुंडी सोडून
नोटा मोजू लागल्या, दोनदा.

कठड्यावर कोणाचा तरी पंचा वाळत होता.
दर्शनी भाग! मी तो उचलला,
इकडेतिकडे पाहिलं,
झटकला,
आणि काठ सरळ करून
परत तिथेच टाकला.