आडकाठी

शालिकमामा उन्हाळाभर कूलर दुरुस्त करतो.
कूलरांवर पोती पडली की
हाताला काम उरत नाही,
आणि रिकामा हात, मामी म्हणते,
घरातलं धड असलेलंच आधी उघडून पाहतो.

त्या वर्षी त्याने बोर्डोच्या पिंपात डोकं घातलं.

एका बादलीत मोरचूद, एकीत चुना,
दोन्हींच्या धारा एकदम तिसरीकडे,
आणि काठीने ढवळायचं, ढवळत राहायचं.
संत्र्याची चारशे झाडं,
प्रत्येक खोडाला मांडीएवढा उंच लेप.
ढवळणं मामीकडे.
लेप संपेपर्यंत तिचा उजवा हात
वेणीपर्यंत पोचत नसे.

पहिलं यंत्र सायकलचं. पायडल, चेन,
खाली जुन्या फाटकाची लोखंडी पट्टी.
मोरचूद विरघळलं, पट्टी वर काढली
तर लालभडक, तांब्याची!
पुंजाराम उईके विळा घेऊनच आला:
"शालक्या, हा बी बुडव गड्या,
उद्या सोन्याचा काढशीन."
रात्री मामा कानशीने घासत बसला.
तांबं पापुद्र्याएवढं. आत लोखंड,
काल होतं त्याहून कमी.

दुसरं कूलरच्या मोटरीचं, पातं सागाचं.
बटण दाबलं.
भिंत निळी. मामा निळा.
डालीखालची कोंबडी निळी,
जी पुढे कोणी कापेना, कोणी विकत घेईना,
आणि म्हातारी होऊन मेली.

तिसऱ्याला गिरणीचा टाकून दिलेला पट्टा,
परातीएवढी पुली.
मोटर आता हळू. पाणी गोल, गोल,
मधोमध भोवरा, गुळगुळीत,
सुपारी टाकली असती तर तळापर्यंत दिसली असती.
मी पॉलिटेक्निकच्या सुट्टीत आलेली,
आम्ही दोघं पाहतच राहिलो.
मोटर बंद केली. हात घातला.
चुना तळाला होता तसाच,
झोपमोडही झाली नव्हती त्याची.

मामी चुलीवरून उठून आली,
हातात अंबाडीच्या भाजीची रवी.
वाकून पाहिलं.
"पातं जिकडं जाते, पानी बी तिकडंच जाते.
दोघं सोबत निंगाले जत्रेले.
मंग मिसयीन कसं?
मधात आडकाठी लाव."

"आडकाठी घालाले गाव कमी हाय का?"
मामा जेवला नाही.

पहाटे मला ठोकण्याचा आवाज आला.
पिंपाच्या आतल्या अंगाला उभ्या
तीन फळ्या, मोडक्या खाटेच्या.
मोटर लावली. पाणी निघालं तसंच ऐटीत
आणि पहिल्या फळीवर आपटलं.
फुटलं, वळलं, खाली गेलं,
तळाचा चुना घेऊन वर आलं,
दुसरीवर आपटलं.
मोटर कण्हत होती.
भोवरा नाही, काही देखणं नाही,
नुसती खळबळ,
आणि त्या खळबळीत हळूहळू
एकच एक निळा.

पुस्तकात याला बॅफल म्हणतात.
चौथ्या सत्राला चार गुणांना होतं, आकृतीसह.
मी आकृती काढली होती, भागांना नावं दिली होती,
चारपैकी चार मिळाले होते.
कालच्या भोवऱ्यापाशी मीही उभी होते
आणि मला काहीच आठवलं नव्हतं.
मी हे मामीला अजून सांगितलेलं नाही.

मामाने विळ्याचं टोक बुडवलं.
लाल चढला तर चुना कमी.
आम्ही श्वास धरून साठ मोजले.
लोखंड लोखंडच निघालं.

मोर्शीच्या कृषी प्रदर्शनाचा अर्ज मीच भरला.
'यंत्रातील नावीन्य' : मामा म्हणाला, "कूलरची मोटर लिही."
मी फळ्या लिहिल्या. तो काही बोलला नाही.
'शोधकाचे नाव' : त्याने पूर्ण सांगितलं,
शालिक डोमाजी बेलखोडे.
मग खिशातली पुडी काढली, परत ठेवली.
"तिचं बी टाक."

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"कोनतं? माहेरचं का इकडलं?"

रकान्यात ओळ एकच होती.
मी अक्षर बारीक केलं.