दोन सूत ढील

शनिवारी दुपारनंतर दस्तगीर मिस्त्रीच्या लेथवर
पंपाचा शाफ्ट चढत नसे.
चकमध्ये ॲल्युमिनियमचा एक गोल तुकडा,
आणि उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीला ठाऊक होतं
की म्हातारा स्वतःसाठी चरखी काढतोय.

काठी त्याला भंगारात सापडली होती,
सळ्यांच्या बंडलात, किलोच्या भावानं.
तीन तुकडे. टोक मोडलेलं.
मुठीवरचं नाव कुणाच्या तरी घामानं पुसलेलं.
टोकाला त्यानं कळकाची काडी तासून बसवली,
गणपा सातपुतेकडच्या चपलांच्या मेणदोऱ्यानं आवळली,
आणि माझ्या डोक्यावर हळूच आपटून बघितली.
वाकली. मोडली नाही.

माशी बांधायची तर गळाला आधी दोरा,
मग तांबड्या कोंबड्याच्या मानेचं एकच पीस.
"ब्रॉयलरचं पीस पाणी पितंय.
गावठ्याचं तरंगतंय. ध्यानात ठेव."
पोटाला लव माझ्या आईच्या घोंगड्यातली
(तिला आजतागायत सांगितलेलं नाही).
चष्मा कपाळावर, जीभ दातांत,
तो चिलटाएवढं काहीतरी जन्माला घालायचा
आणि फुंकर मारून बघायचा,
उडतंय का.

"पंचगंगेवर का न्हाई, चाचा?"
पहाटे शिवाजी पुलावर त्यानं एम-एटी थांबवली.
खाली नुसतं बोट केलं.
फेस होता, आणि फेसात
पोट वर करून एक शिंगटा.
मग बाजारभोगाव येईपर्यंत कुणी बोललं नाही.

वर, कासारीत, पौषातलं पाणी
जांभ्यातून गाळून आलेलं.
तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा असं.
"आपल्याला मासा दिसतोय म्हंजे
माशाला आपण दिसतोय. वाक."
आम्ही वाकलो. सोळा वर्षांचा मी
आणि एकसष्ट वर्षांचे त्याचे गुडघे,
कडकड वाजणारे.

दोर मागं टाकायचा.
तो हवेत पुरता सरळ होईस्तोवर
थांबायचं.
एवढंच.
एवढंच मला जमेना.
पहिली माशी करंजावर, दुसरी करंजावर,
तिसरी त्याच्या टोपीत.
लेथवर जॉब बिघडला की पाना फेकून मारणारा माणूस
नदीवर टोपीतला गळ सोडवत
शीळ घालत होता.

मग त्या मोठ्या दगडामागं एक वर्तुळ उमटलं.
आवाज नाही. कुणीतरी आतून
पाण्याचा पापा घ्यावा तसं.
"खडस हाय. ढील दे. आणि. दोन सूत फक्त."
प्रवाहानं माशी आपली म्हणून नेली.
तो आला.
पितळी, माझ्या कोपरापर्यंतचा लांब,
खालून वर, सावकाश, जणू दुकानात विचारायला.
माझ्या हाताला थांबवेना.
हिसका.
माशी रिकामी परत आली, छातीवर बसली.

दस्तगीर खाली बसून हसत होता, डोळ्यांतून पाणी.
"त्यानं तोंड मिटायच्या आत
तू मिटलंस की रं."

आता माझ्याकडे सीएनसी आहे.
शाफ्ट आणि बुशमधली ढील मी आकड्यात भरतो,
मशीन विचारते, मी सांगतो, ते कापते.
काउंटरवरची चरखी बघून गिऱ्हाईक विचारतं,
हा कुठल्या गाडीचा पार्ट?
मी म्हणतो, बंद झाली ती गाडी.

पण करंजावरच्या त्या दोन माश्या
मी काढल्या नव्हत्या.
जुलैत नदी फांद्यांपर्यंत चढते म्हणतात.
गावठ्या कोंबड्याची पिसं आहेत,
पाणी पिणार नाहीत.
एखादा खडस येईल वर,
विचारेल,
आणि हिसका द्यायला कुणी नसेल.