येणे नाही

नळीवर एक रेघ होती, तिथपर्यंत थुंकी हवी होती.
बीपीच्या गोळीनं तोंड कायम कोरडं,
मग फडताळातली चिंचेची बरणी समोर ठेवली
आणि नुसती बघत बसले.
अडुसष्टाव्या वाढदिवसाला भाचीनं दिलेली भेट ही.
"मजा म्हणून गं मावशी, आपण मूळचे कुठले ते कळेल."
आम्ही मूळचे केळव्याचे.
ते मला थुंकल्याशिवाय माहीत होतं.

अकरा आठवड्यांनी मोबाइलवर उमटलं:
आल्बन मिस्किटा, माझगाव.
पंचवीस टक्के, थोडे कमी.
आणि खाली नातं, इंग्रजीत, अर्धं.

आपल्यात अर्धं भावंड नसतं.
सख्खं असतं, चुलत, मामे, मावस, आते, दूधभाऊ, मानलेला,
एवढी गणगोताची भाषा
आणि ह्याला एकच शब्द, सावत्र,
ज्याला गोष्टीतल्या आईचा वास येतो.

नाव अगदीच अनोळखी होतं असं नाही.
दादांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान ऑपेरा हाउसला,
आणि आठव्या वर्षापासून बिलबुकाची बेरीज माझ्याकडे.
दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक नोंद:
मिस्किटा, माझगाव. वॉल्व्ह बदलला. येणे नाही.
मला वाटे, काय करंटा रेडिओ हा,
आणि किती गरीब माणसं,
आणि आपले दादा किती चांगले.
मी अकरा वर्षांची असताना नोंद यायची थांबली.
सुधारला एकदाचा, म्हटलं.

धाकटा ठाण्याहून म्हणाला, उकरून काय मिळणार आता?
कुंदानं फोनच ठेवला.
मी दोघांनाही काही बोलले नाही, थोरलीनं बोलायचं नसतं.
थोरलीनं टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळी करायची,
त्यांच्या फिया भरायच्या, मग लग्नं, मग दादांचं अंथरूण,
आणि हॉटेलात गेलं की पर्स आधी उघडायची.

माटुंग्याच्या उडप्याकडे भेटलो.
पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, त्र्याहत्तर वर्षं.
त्यानं आधी माझे कान पाहिले, मी त्याचे.
कानांबद्दल आम्ही काही बोललो नाही.

बिलबुक उघडून मी त्याच्यापुढे सरकवलं.
त्यानं चष्मा पुसला, पान वाचलं, पुढचं वाचलं,
वाचतच राहिला.
डोसा गार झाला.
मग म्हणाला, "आमच्या घरी रेडिओ नव्हता."

कधीच?

"कधीच. शेजारी डिमेलोंकडे होता.
मेकॅनिक अंकल यायचे, पायरीवर बसून माझी गणितं तपासायचे.
ममा आतच असायची, भांडी जरा जास्त वाजवायची.
अर्धा तास. चहा नको म्हणायचे.
पाखाडीतून उन्हात आले की तीनदा शिंकायचे,
म्हणून मला आधी कळायचं, मी वही काढून ठेवायचो.
मॅट्रिक झालो, नि आलेच नाहीत."

त्या तीन शिंका माझ्याकडे आहेत.
वही मात्र माझी त्यांनी एकदाही पाहिली नाही.
हिला बेरजा आपोआप येतात, असं घरात म्हणत.

सांगणार होते त्याला हे.
पण बशीतून बडीशेप आली, तिच्याखाली बिल,
आणि सवयीनं माझा हात पर्सवर गेला.
"राहू दे गो बाय," तो म्हणाला, "मी थोरला ना."

पर्सची चेन मध्येच अडकली,
उघडेना, बंदही होईना.
मी ती तशीच मांडीवर धरून बसून राहिले,
अडुसष्टाव्या वर्षी कुणाची तरी धाकटी,
आणि तो नोटा मोजत होता,
दर नोटेला अंगठा जिभेला लावत.