डिझेलचा हिशोब

नगरपालिकेच्या कागदावर एवढासा रकाना आहे: कारण.
मार्च ते नोव्हेंबर, अडतीस फेऱ्या,
सहाशे दहा लिटर. कारण?
मी आबेलार्दो चिग्वाय, नावाडी,
शिक्षण सहावी, तेही भरती-ओहोटी बघून.
लिहितो. रकान्याबाहेर जाईल, जाऊ द्या.

ओन्दीना बाई दर मंगळवारी यायच्या,
पाठीवर कीबोर्ड, खताच्या पोत्यात गुंडाळलेला,
कारण चिलोएचा पाऊस वरून येतो, आडवा येतो,
आणि कधीकधी, शपथेवर सांगतो, खालूनही.
पहिल्या बेटावरच्या शाळेत मुलं सात.
दुसऱ्यावर पाच, त्यातला एक गालगुंडानं घरी.
तिसऱ्यावर नऊ,
म्हणून ती शाळा स्वतःला शहर समजते.
"एवढ्यात वृंदगान होतं का, बाई?"
मला वाटायचं, त्याला निदान चर्चभर माणसं लागतात.
बाई म्हणाल्या, "बेटं तीन आहेत ना?
मग आवाजही तीन."

एकाच गाण्याचे तीन पदर उसवून
बाईंनी बेटाबेटावर ठेवले.
वरचा, चालीचा, नऊ जणांना.
खालचा, जाडसर, सात जणांना.
मधला पाचांना.
मधल्याच्या वाट्याला सूर तीनच:
एक पायरी वर, एक खाली, पुन्हा तिथंच,
बांधलेलं होडकं दोरापुरतं हलतं तसं.

यास्ना कोलिवोरो, वय आठ, धक्क्यावर मला म्हणाली,
"हे कसलं गाणं? ह्यात काही घडतच नाही."
बाप तिचा सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला,
पंधरा दिवस तिकडे, सात इकडे.
तिनं त्याला फोनवर ऐकवलं.
तो म्हणाला, छान. पुढे?
पुढे काही नव्हतंच.

मी खिडकीखाली बसायचो, माटे पीत, जाळं सांधत.
अख्खं गाणं ठाऊक दोघांनाच,
बाईंना आणि मला.
परतताना मी ते मनातल्या मनात जुळवायचो;
खालचा आवाज इंजिन बरा धरतं.

नोव्हेंबरातला ठरलेला रविवार,
मधल्या बेटावरचं लाकडी चर्च.
पहाटेपासून धुकं,
स्वतःच्या होडीचं नाक दिसेना.
सातांना मी आणलं, चाचपडत.
पाच होतेच, गालगुंडवालासुद्धा.
नऊ आले नाहीत.
अकरा वाजले. आयांनी बटाट्याच्या भाकऱ्या
पुन्हा फडक्याखाली झाकल्या.
बाईंनी हात वर केला: आहोत तेवढे, चला.

चालीशिवाय गाणं कसं असतं?
छप्पर उडालेल्या घरासारखं, असं लिहिणार होतो.
पण नाही.
ताटं मांडलीत, खुर्च्या ओढल्यात,
आणि जेवणारा यायचाय, तसं.
लोक एकमेकांकडे बघू लागले.
यास्ना आपल्या तीन पायऱ्या चढत-उतरत होती,
रुसून, पण चोख.

तेवढ्यात पाण्यावरून आलं.

तिसऱ्या बेटाच्या नावाड्याचा भोंगा
दोन वर्षं बिघडलेला.
धडक होऊ नये म्हणून तो मुलांना म्हणाला होता,
ओरडत राहा.
आणि मुलांना मोठ्यानं
एकच गोष्ट येत होती.

जुळलं म्हणाल, तर नाही.
अर्धी मात्रा मागे, पट्टी घसरलेली,
मधेमधे पाणी एखादा शब्द गिळून टाकायचं.
बाईंनी हात हळू केला. आणखी हळू.
वाट बघणारा हात मी पहिल्यांदा पाहिला.
यास्नानं मान दाराकडे वळवली,
पण आपला सूर सोडला नाही.
तिच्या चेहऱ्यावर काय झालं,
ते ह्या कागदावर मावणार नाही.

सहाशे दहा लिटर.
त्यातले दहा माझ्या मासेमारीचे, ते कापून घ्या.
आणि त्या भोंग्याच्या दुरुस्तीचा अर्ज
तुमच्याकडे पडून असेल,
तर अजून थोडे दिवस पडू द्या.